परत आलेली करवतकाठी

साडी जुनी कधी होते? नेसून नेसून, धुऊन धुऊन तिचा रंग उतरला की, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, माझं तसं नाही. मी चार वर्षांची आहे, आणि या चार वर्षांत माणसाच्या अंगावर गेलेला माझा सगळा वेळ एकत्र केला तर पाऊण तास भरत नाही. तरीही मी जुनीच. नुसती वाट पाहूनसुद्धा जुनं होता येतं बरं का.

मी करवतकाठी आहे. अंग कोशाच्या म्हणजे रानातल्या रेशमाचं, मधाच्या रंगाचं, आणि काठ डाळिंबी. काठाला बारीक बारीक दाते आहेत, सुताराच्या करवतीला असतात तसे, म्हणून हे नाव. दाते असले तरी मी चावत नाही. उलट हात फिरवाल तर हात काढावासा वाटणार नाही. स्वतःचं कौतुक स्वतःच करते आहे खरी, पण काय करणार, दुसरं कोणी करेपर्यंत थांबले तर अजून चार वर्षं जातील.

माझा जन्म उमरेडचा. तिथे धोंडबाकाका आणि तुळसाकाकूंच्या घरात, पुढच्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला एक माग आहे. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी नळी; अंगासाठी एक आणि दोन काठांसाठी दोन, असे तीन धोटे लागतात मला विणायला, आणि तीन धोटे एका माणसाच्या हातांना आवरत नाहीत. म्हणून काका मध्ये बसायचे आणि काकू कडेला. काकांनी धोटा फेकायचा, काकूंनी काठाचा धागा त्यात गुंतवून तो परत द्यायचा. दिवसभर नुसतं देणं आणि घेणं. बोलणं कमी, आणि जे व्हायचं तेही भांडणच. दुपारी काकांचा डोळा लागला की काकू म्हणायच्या, "झोपून राहिले का? धोटा इथं येऊन पडला. आता त्याले काय आरती ओवाळू?" काका मग फणी ठोकायचे, जरा जास्तच जोरात. माझ्या पदराजवळ एके ठिकाणी वीण थोडी दाट आहे ना, ती त्या आरतीची.

ही फणी म्हणजे धाग्यांना सरळ रांगेत ठेवणारा लांबलचक कंगवाच समजा. फणी जेवढी रुंद, तेवढा साडीचा पन्ना. काकांची फणी त्यांच्या वडिलांच्या वेळची. त्या काळच्या बायकांच्या उंचीला पुरेल अशी, बेचाळीस इंचांची. या बेचाळीस इंचांनी पुढे काय काय करून ठेवलं ते सांगतेच.

बावीस दिवसांनी मला मागावरून उतरवलं. काकूंनी मला घडी घालताना दोनदा छातीशी धरलं, पण खांद्यावर टाकून पाहिलं नाही. विकायच्या साडीला विणणारीनं खांदा लावू नये, असं त्या मानतात. मला मात्र त्या दिवसापासून खांद्याची ओढ लागली ती लागलीच.

उमरेडहून मी नागपूरला, लकडगंजात आले. लाकडाच्या वखारींच्या गल्लीत जागेश्वरकाकांचं हातमागाच्या साड्यांचं दुकान आहे, दोन कपाटं आणि एक गादी एवढंच. बाहेर दिवसभर खऱ्या करवती चालतात आणि आत मी खोट्या दातांची बसलेली. जागेश्वरकाका आधी स्वतः विणायचे. गुडघे गेले, खड्ड्यात पाय सोडून बसणं जमेना, म्हणून दुकान टाकलं. साडी उलगडताना अजून त्यांची बोटं आधी काठाकडे जातात.

या काकांची एक रीत आहे, आणि माझी सगळी कहाणी त्या रीतीवर उभी आहे. साडी परत आली, तर पैसे ज्या हातानं दिले होते त्याच हातात परत द्यायचे. दुसऱ्या कोणाच्या हातात नाही. एकदा नागपुरातल्याच जरीपटक्याच्या एका बाईंची साडी परत करायला त्यांचा नवरा आला. काकांनी साडी ठेवून घेतली, पैसे खिशात घातले, नवऱ्याला म्हणाले बसा, आणि स्वतः स्कूटरला किक मारून जरीपटक्याला गेले. बाईंच्या हातात नोटा ठेवल्या. "ताई, तुम्ही देल्ले होते, तुम्ही घ्या." बाई पैसे पदराच्या गाठीला बांधून आत गेल्या म्हणे. काका परत आले तेव्हा नवरा अजून दुकानाच्या पायरीवर बसलेला.

रीतीचा दुसरा भाग माझ्या नशिबाशी जोडलेला आहे. परत आलेली साडी काका लगेच विकायला ठेवत नाहीत. पांढऱ्या फडक्यात बांधून गादीवरच्या उंच फळीवर ठेवतात. पैसे त्या बाईच्या हाती पोचल्याशिवाय ती साडी दुकानाची नाही, आणि साडी परत दिली म्हणून ती बाईची पण नाही. मधल्या मधे. तिला दाखवायचं नाही, उलगडायचं नाही, विकायचं नाही.

मी दुकानात आले त्या वर्षी काकांची मुलगी प्रणाली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजातून आली की ती दुकानाचं इंटरनेटवरचं पान सांभाळायची. तिने मला गादीवर आडवी अंथरली, स्टुलावर चढून वरून फोटो काढला आणि खाली लिहिलं, फॉल लावायच्या आत परत केल्यास सगळे पैसे परत. किंमत साडेअठरा हजार. पन्ना किती ते लिहायचं तिच्या लक्षातच आलं नाही. नागपुरात कोण विचारतं पन्ना?

महिन्याभरात रॉटरडॅमहून एक निरोप आला. उत्तरा नावाच्या बाईंचा. माहेर रामटेकचं, नोकरी तिकडे. फोटो पाहून त्यांना मी फार आवडले होते. पण त्यांचं कार्ड आपल्या पानावर चालेना. त्यांनी विचारलं, क्रिप्टो चालेल का?

मित्रांनो, क्रिप्टो म्हणजे हाताला न लागणारं नाणं. ते फोनातल्या पाकिटात राहतं. प्रत्येक पाकिटाला एक पत्ता असतो, अक्षरं आणि आकड्यांचा, इतका लांब की वाचता वाचता दम लागावा. नाणं एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर जातं आणि त्याची नोंद सगळ्या जगाला दिसेल अशा वहीत होते. आणि एकदा गेलं की गेलं. मागे ओढता येत नाही. फणी ठोकल्यावर बसलेला धागा कसा सुटत नाही, तसंच. परत द्यायचं तर उलट्या दिशेनं नवा धोटा फेकावा लागतो.

प्रणाली हे सगळं शिकलेली होती आणि आनंदाने नुसती उड्या मारत होती. काकांनी एवढंच विचारलं की त्या बाईनं दिले हे आपल्याला कळेल ना. प्रणालीने वहीतली नोंद दाखवली, हा बघा पत्ता, इथून आले. काकांनी चष्मा लावून तो पत्ता पूर्ण पाहिला, कोणाचा चेहरा पाहावा तसा. मग मान हलवली. प्रणालीने पावती केली, अशा नाण्यांचा कर वेगळा असतो म्हणून वेगळी नोंद ठेवली, आणि मला खोक्यात बंद केलं.

खोक्यात अंधार होता, पण मी किती खूश होते म्हणून सांगू. खांदा मिळणार होता!

उत्तराताईंनी मला खिडकीपाशी उघडलं. आधी वास घेतला. कोशाला एक रानाचा वास असतो, तो घेऊन त्या कितीतरी वेळ डोळे मिटून बसल्या. मग आरशासमोर उभ्या राहून मला नेसायला लागल्या. आतलं टोक खोचलं, निऱ्या केल्या, पदर खांद्यावर आला. शेवटी एकदाचा खांदा! आणि त्याच क्षणी त्यांनी खाली पाहिलं.

उत्तराताई पाच फूट अकरा इंच उंच आहेत. मी त्यांच्या घोट्याच्या दोन बोटं वर थांबले होते.

त्यांनी मला खाली ओढून नेसून पाहिलं, निऱ्या सैल करून पाहिलं, टाचा जमिनीला टेकवून, गुडघे जरासे वाकवूनसुद्धा पाहिलं. मग आरशाला म्हणाल्या, "बगळ्याला सोवळं नेसवल्यासारखं दिसतंय," आणि हसल्या. हसत हसत पलंगावर बसल्या. मला अंगावर घेऊनच बसल्या, वीस मिनिटं. खालून पट्टी जोडायचा विचार केला असावा, कारण काठावरून बोट फिरवत होत्या. पण त्यांचं मन झालं नाही. माझी पुन्हा घडी झाली. त्या घडीत इतकी माया होती की मला वाटलं, याच्यापेक्षा रागाने फेकलं असतं तर बरं.

मी परत लकडगंजात आले. पांढरं फडकं, वरची फळी.

इकडे तोवर त्या नाण्याचा भाव चढला होता. उत्तराताईंनी दिलेलं नाणं प्रणालीने तसंच ठेवलेलं, आणि आता त्याचे तेवीस हजार होत होते. समोरच्या वखारीचे गोविंदाकाका चहाला आले आणि पायरीवर बसूनच हिशेब सांगायला लागले. "जागेश्वर, बाईले साडेअठरा दे. बिलात तेवढेच आहे. वरचे साडेचार तुह्या घरात. काहून गा, असा काहून पाहून राहिला?"

"तिनं जे देल्लं त्याले मी हात नाही लावला," जागेश्वरकाका म्हणाले. "मंग तेच परत जाईन. वाढलं तं तिचं वाढलं."

"अन् उतरलं असतं तं?"

काका गादीवरची एक साडी पुन्हा घडी घालायला लागले. गोविंदाकाका चहा संपवून हसत गेले. पण प्रश्न चुकीचा नव्हता, हे पुढे प्रणालीने मान्य केलं.

आता पैसे पाठवायचे. प्रणाली म्हणाली, उत्तराताईंना त्यांचा पत्ता विचारते, कुठे पाठवू म्हणून. जागेश्वरकाकांना ते विचित्र वाटलं. ज्या हातानं पैसे दिले तो हात आपल्याला माहीत आहे, वहीत लिहिलेला आहे. गिऱ्हाइकाला कोणी विचारतं का, बाई, तुमचा हात कोणता? प्रणालीलाही ते पटलं. ज्या पत्त्यावरून नाणं आलं होतं, तोच पत्ता तिने अक्षर न् अक्षर जुळवून घेतला आणि बटण दाबलं. पाठवणावळ दुकानाने भरली. थोड्या वेळात वहीत नोंद दिसली, पोहोचले. काकांनी फळीकडे पाहून मला हात जोडल्यासारखं केलं. मला वाटलं, सुटले!

दोन दिवसांनी उत्तराताईंचा निरोप आला, पैसे मिळाले नाहीत.

प्रणालीने नोंदीचा फोटो पाठवला. पोहोचलेत, बघा. उत्तराताईंनी आपलं पाकीट दाखवलं. रिकामं आहे, बघा. दोघी खऱ्या होत्या आणि दोघींना एकमेकींचा थोडा थोडा संशय यायला लागला होता. उत्तराताईंच्या निरोपात आधी "प्रणाली बाळा" असायचं. तिसऱ्या दिवशी नुसतं "नमस्कार" आलं. ते वाचून प्रणालीने फोन उलटा ठेवला आणि जेवायला गेलीच नाही.

मग चौथ्या दिवशी दोघी शांतपणे बोलल्या आणि सगळं उलगडलं. उत्तराताईंनी नाणं स्वतःच्या पाकिटातून पाठवलंच नव्हतं. ते एका पेढीत ठेवलेलं होतं, नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका मोठ्या पेढीत. त्यांनी पेढीला सांगितलं आणि पेढीने आपल्या पत्त्यावरून पाठवलं. त्या एकाच पत्त्यावरून हजारो लोकांचे पैसे बाहेर जातात. तिथे परत आलेलं नाणं कोणाचं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. पेढीच्या समुद्रात आपली वाटी रिकामी झाली होती.

प्रणालीने हे वडिलांना सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. जागेश्वरकाका ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तो हात बाईचा नव्हता. मनीऑर्डर आणणाऱ्या पोस्टमनचा होता. आपण पोस्टमनच्या हातात पैसे देऊन बसलो."

"माझं चुकलं, बाबा. मी विचारायले पायजे होतं."

"तू विचारून राहिली होती. नको म्हणणारा मी."

पेढीला पत्रं गेली. नोंद जोडली, पावती जोडली, उत्तराताईंनीही तिकडून लिहिलं. दरवेळी उत्तराऐवजी एक तक्रार क्रमांक यायचा. ते पहिलं नाणं आजतागायत परत आलेलं नाही. येईल की नाही हे मला विचारू नका, मी साडी आहे.

पण उत्तराताईंचे पैसे तर द्यायलाच हवे होते. दुकानात त्या वेळी एवढी रक्कम एकच होती. उमरेडला कोशाचं सूत घेण्यासाठी काढून ठेवलेली. ते पैसे गेले तर धोंडबाकाकांचा माग रिकामा राहणार. जागेश्वरकाकांनी फोन लावला. स्पीकरवर लावतात ते नेहमी, म्हणून मला फळीवर ऐकू आलं. त्यांनी सगळं सांगितलं. मग धोंडबाकाकांचा आवाज.

"आमच्याच मागाची साडी ना ते?"

"हाव."

"मंग बाईचे धाड आधी. माग राहते दोन महिने उपाशी. मी भी बसतो मंदिरात पत्ते कुटत."

मागून काकूंचा आवाज आला, "पत्ते कायले? घराले चुना लावा म्हणा," आणि फोन बंद झाला. दोघे हसले असतील. मला मात्र रिकामा खड्डा दिसत होता, आणि कडेला टेकवून ठेवलेले तीन धोटे. माझ्यामागून एक साडी जन्माला येणार होती, ती आता येणार नव्हती. फडक्याच्या आत मला माझ्या घडीची लाज वाटली.

उत्तराताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, काका, मला भाव वाढलेला नको, बिलावर आहेत तेवढे साडेअठरा हजार पुरे. आणि माझ्या भावाच्या रामटेकच्या खात्यात टाका, सोपं पडेल. गोविंदाकाकाही म्हणाले, टाक गा भावाच्या खात्यात, सुटला तू. साडेअठरावर जागेश्वरकाका कसेबसे राजी झाले, पण भावाच्या खात्याचं ऐकेनात. पैसे भावाने दिले नव्हते.

मग प्रणालीने सगळं नव्याने मांडलं. उत्तराताईंनी स्वतःचं पाकीट उघडलं, ज्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे. भाव रोज उड्या मारणार नाही असं, डॉलरला बांधलेलं नाणं ठरलं. नाण्याचं नाव एक असलं तरी त्याचे रस्ते वेगवेगळे असतात, चुकीच्या रस्त्याने पाठवलं तरी ते हरवतं, म्हणून कोणत्या रस्त्याने पाठवायचं तेही आधी लिहून घेतलं. दुपारी तीनला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळ होती, उत्तराताईंच्या हातात चहाचा कप होता.

त्या एकेक अक्षर वाचत गेल्या. प्रणाली स्क्रीनवर जुळवत होती आणि काका बिलाच्या पाठीमागे पेनाने लिहीत होते, कारण त्यांचा पेनावरच विश्वास. मधे एकदा काकांचं अक्षर चुकलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आधी फक्त शंभर रुपयांचं नाणं पाठवलं. बाहेरची करवत तेवढी चालू होती.

"आले," उत्तराताई म्हणाल्या.

प्रणाली उरलेले पाठवायला बोट उचलणार, तेवढ्यात जागेश्वरकाकांनी तिला थांबवलं. फोनापुढे वाकले.

"ताई, एक मागतो. हात दाखवा तं जरा."

"हात?"

"हाव. ज्या हातात पैसे येऊन राहिले तो."

उत्तराताईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. पूर्ण पडदाभर तो हात. लांब बोटं, एका बोटावर शाईचा डाग. काकांनी तो नीट पाहिला. मग प्रणालीला म्हणाले, "टाक वं आता."

नोंद झाली. उत्तराताईंनी तो हात बराच वेळ तसाच धरून ठेवला होता. शेवटी म्हणाल्या, "मिळाले, काका. सगळे मिळाले. प्रणाली बाळा, तू जेवलीस का?"

प्रणाली तोंड फिरवून कपाटातल्या साड्या उगाच सरळ करायला लागली.

त्या संध्याकाळी काकांनी मला फळीवरून उतरवलं आणि फडकं सोडलं. तीन महिन्यांनी मला दुकानाचा उजेड दिसला. मी सुटले होते, पुन्हा कोणाची तरी होऊ शकणार होते.

तेव्हापासून आमच्या दुकानात असं नाणं कोणी द्यायचं म्हटलं तर प्रणाली आधीच विचारून घेते, साडी परत आली तर पैसे कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या रस्त्याने पाठवू? पत्ता तुमच्या स्वतःच्या पाकिटाचा आहे ना, पेढीचा तर नाही? भाव चढो किंवा उतरो, परत मिळतील ते बिलावरचे रुपये, असंही ती आधीच लिहून देते. गोविंदाकाकांच्या प्रश्नाला हे उत्तर. आणि आधी शंभराचं पाठवल्याशिवाय उरलेलं ती कधीच पाठवत नाही.

माझ्या फोटोचं काय करायचं हे मात्र राहिलं होतं. फोटो खोटा नव्हता, पण त्यात माणूस नव्हतं, मग माझी उंची कोणाला कळणार? एका रविवारी प्रणालीने मला मधल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि नेसली.

मित्रांनो, प्रणाली जेमतेम पाच फूट. माझ्या निऱ्या जमिनीला जिथे टेकाव्या तिथेच टेकल्या, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. धोंडबाकाकांच्या वडिलांनी ती फणी जणू तिलाच पाहून घेतली होती! फोटोला उजेड हवा म्हणून ती बाहेर आली आणि गल्लीतून कोपऱ्यापर्यंत चालत गेली. मला वारा लागला. पायरीची धूळ लागली. वखारीतल्या एका कामगाराने भुसा उडू नये म्हणून करवत थांबवली आणि ती पुढे जाईपर्यंत थांबून राहिला. गोविंदाकाका ओरडले, "कोणाचं लगन आहे वं?"

"लगन नाही, काका. पन्ना दाखवून राहिली," प्रणाली म्हणाली, आणि मी तिच्या चालीबरोबर इतकी सळसळले की मलाच माझा आवाज नवा वाटला. चालताना साडीला आवाज असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

परत आल्यावर ती लगेच साडी सोडायला आत निघाली. विकायचा माल ना मी. जागेश्वरकाका गादीवरून बघत होते. म्हणाले, "एवढ्यात काढू नको. चहा येऊन राहिला." ती बसली. कप माझ्यापासून दूर धरून, पुढे वाकून, हळूहळू चहा प्यायली. पंधरा मिनिटं झाली असतील. मग घडी.

नवा फोटो पाहून उत्तराताईंनी लिहिलं, आत्ता कळलं ती कशी दिसायला हवी होती. माझ्यासाठी मोठ्या पन्न्याची होईल का, असंही विचारलं. धोंडबाकाकांनी कळवलं की फणी बदलता येईल, पण खड्डा आणि माग तेवढाच आहे, त्यात तेवढीच साडी बसते. पुन्हा सूत आलं, माग सुरू झाला, माझ्या धाकट्या बहिणी आल्या आणि गेल्यासुद्धा. मी आहे. बायका येतात, मला उलगडतात, वा म्हणतात, किंमत बघतात, नंतर बघू म्हणतात. तसं दर महिन्याला जागेश्वरकाका माझी घडी मोडून नवीन घालतात, नाहीतर रेशीम जुन्या घडीवरच चिरतं. त्या दिवशी मला एक मिनिट वाटतं, आज नेसणार कोणीतरी. मग कळतं की घडीच बदलते आहे.

म्हणून एक मागते. तुमच्या घरी आईच्या, मावशीच्या, आत्याच्या कपाटात अगदी खाली माझ्यासारखी एखादी असेल. जड पडते म्हणून, चांगली आहे म्हणून, पुढे कधीतरी म्हणून ठेवलेली. कसर तिला तिथेच लागते. अंगावर कधी कसर लागल्याचं ऐकलंय का तुम्ही? आज तिला बाहेर काढा आणि ज्यांची आहे त्यांना म्हणा, नेसा. लग्न नको, सण नको, कुठे जायचं नसलं तरी चालेल. कोपऱ्यापर्यंत जाऊन या म्हणा. आणि परत आल्यावर त्या घाईघाईनं साडी सोडायला आत निघाल्या, तर त्यांच्यापुढे चहा ठेवा.